शंभरातली सदतिसावी

गोव्याचा माणूस म्हटला की त्याला पोहता येतं, गिटार वाजवता येते आणि तो दुपारी झोपतो, अशी गोव्याबाहेर एक पक्की समजूत आहे. तिसरी गोष्ट खरी आहे. पहिली जेमतेम. दुसरीचं म्हणाल तर आमच्या घरी भजनासाठी पेटी होती, आरतीला घुमट-शामेळ असायचं, गिटार मात्र होती ती दोन घरं सोडून राहणाऱ्या तारवटी बाबांकडे. तिला हात लावायची माझी कधी छाती झाली नाही. पण उज्जैनच्या माझ्या आतेभावाला हे पटत नाही. गोव्यात जन्म काढला आणि गिटारीतलं कळत नाही? मग तिथे केलंस तरी काय?

म्हणून २०२४ च्या श्रावणात त्याचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं नाही, सांगितलंच. "पोरगं गिटार घेतंय. एक लाख पंच्याऐंशी हजारांची. ऑनलाइन. तू ये आणि बघ."

उज्जैनला जाऊन आलेल्या गोंयकारांना महाकाळ माहीत असतो, क्षिप्रा माहीत असते, फ्रीगंज बहुधा माहीत नसतं. रेल्वेच्या रुळांच्या एका अंगाला जुनं शहर, देवळं, घाट, यात्रेकरू. दुसऱ्या अंगाला पुलावरून उतरलं की फ्रीगंज: सरळ रस्ते, घड्याळाचा टॉवर, शहीद पार्क, कापडाची नि सोन्याची दुकानं, संध्याकाळी चाटच्या गाड्या. शिंद्यांच्या राज्यात व्यापाऱ्यांना इथे जकात माफ होती म्हणून 'फ्री'गंज, असं तिथले लोक सांगतात. ज्या बाजाराच्या नावातच सूट आहे तिथे भाव करायला लाजायचं नसतं, हे आतेभावाचं त्यावरचं भाष्य.

आपल्या माणसाला तिथे परकं वाटायचं कारण नाही. अठराव्या शतकात महाकाळाचं देऊळ पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. हे आडनाव वाचून पेडणे-सावंतवाडीकडचा कुठला सारस्वत सरसावून बसणार नाही? महादजींचे सेनानी जिवबादादा बक्षी हे तर केरकर. त्या काळापासून माळव्यात मराठी घरं आहेत. घरात मराठी, दारात हिंदी, आणि दोहोंच्या मध्ये उंबऱ्यावर एक तिसरीच बोली. माझी आत्या लग्न होऊन अशाच एका घरात गेली. सकाळी पोहे-जिलबीची सवय लावून घेतली, पण मरेपर्यंत सोलं गोव्याहून मागवत राहिली.

आत्या २०१९ साली गेली. जाताना नातवाच्या नावावर दोन लाख रुपये ठेवून गेली. कशासाठी, तेही सांगून गेली: "त्याच्या वाद्यासाठी. लग्नात खर्चू नका." म्हणजे ही गिटार नुसती गिटार नव्हती. म्हातारीच्या दोन लाखांतले एक लाख पंच्याऐंशी हजार होते ते.

पोरगा आता सव्वीसचा आहे. दिवसा इंदूरला नोकरी, रात्री लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बास. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. साध्या गिटारीपेक्षा एक सप्तक खाली बोलते. गाणं ऐकताना ती ऐकू येते असं बहुतेकांना वाटतच नाही. थांबली की मात्र जमीन सरकल्यासारखं होतं. हिंदी चित्रपटांतल्या या जमिनीचा बराच भाग आपल्या लोकांनी घातलेला आहे. पंचमदांच्या वाद्यवृंदातले बासवाले टोनी वाझ हे एक नाव सांगितलं तरी पुरे. हे मी पोराला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, मला माहितेय. म्हणून तर तुम्हाला बोलावलं." पुन्हा तेच!

त्याला हवी होती ती एका नामवंत अमेरिकन कंपनीची, १९९० च्या दशकातली, लिमिटेड एडिशन. जगात शंभरच नग. त्यातला सदतिसावा एका महानगरातल्या व्यापाऱ्याकडे असल्याचं त्याला कळलं होतं. व्यापाऱ्याने सर्टिफिकेटचा फोटो पाठवला होता, डोक्यावरच्या आकड्याचा फोटो पाठवला होता, आणि 'दुसरं गिऱ्हाईक बसलंय' म्हणून दहा हजार टोकन घेतलं होतं. माझ्या येण्याआधीच.

आता 'लिमिटेड एडिशन' या शब्दाची मला थोडी गंमत वाटते. मिरजेचा तंबोरा घ्या. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारी माणसं. एकोणिसाव्या शतकात त्यांनी तलवारी सोडून तंबोरे करायला घेतले, आणि आज मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ पासून भौगोलिक मानांकन आहे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा. तो हवा तसा मोठा आणि गोल येईल की नाही हे वेलीच्या हातात. म्हणजे प्रत्येक तंबोरा हा एकातला एक. त्यावर कुणी 'एक भागिले एक' असा आकडा कोरत नाही. कारखान्यातल्या गिटारीचं तसं नाही. शंभर करायच्या की पाच हजार, हे कंपनी ठरवते. दुर्मिळपणासुद्धा तिथेच बनतो, रंग मारायच्या खोलीच्या शेजारी कुठेतरी. फेंडर कंपनीने तर १९९५ पासून 'रेलिक' नावाच्या गिटारी विकायला काढल्या: कोऱ्या करकरीत, पण रंग खरवडलेल्या, कोपरे झिजवलेल्या, पत्र्याला गंज आणलेल्या. नव्यापेक्षा हे जुनं केलेलं नवं महाग. आमच्याकडे जुन्या फर्निचरचे धंदेवाले शिसवी खुर्चीला खिळ्याने भोकं पाडून वाळवीचा आभास आणतात, त्यांना या बातमीने फार बरं वाटेल. पण एक फरक आहे बरं. फेंडर ते उघड सांगून करते. खोटं ते नसतं. खोटं पुढच्या माणसापासून सुरू होतं, जो ती रेलिक घेतो आणि १९६२ ची म्हणून विकतो.

शिसवीचं निघालंच म्हणून. चांगल्या गिटारीच्या मानेवर जी काळसर पट्टी असते, जिच्यावर बोटं फिरतात, ती पुष्कळदा आपल्या सह्याद्री-दक्षिणेकडच्या शिसवाची असते. पूर्वी ब्राझीलचा शिसव वापरत. १९९२ साली त्याच्या व्यापारावर जगभर बंदी आली. २०१७ पासून शिसवाच्या जातीतल्या सगळ्याच झाडांना परवान्याचं बंधन लागलं. गिटारवाल्यांनी ओरड केली तेव्हा २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून बरीच मोकळीक मिळाली, ब्राझीलचा शिसव मात्र बंदीतच राहिला. याचा परिणाम असा, की ज्याच्या वाद्याला तो जुना शिसव आहे त्याची किंमत वाढली आणि ज्याच्या वाद्याला नाही तोही 'आहे' म्हणू लागला. घुमटाचं आपल्याकडे हेच झालं नाही का? घोरपडीच्या कातड्याला कायद्याने मनाई. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसावाद्य म्हणून मान मिळाला, तो बकरीच्या कातड्याच्या घुमटाला. तरी बाजारात कुणीतरी कानाशी लागून सांगतोच, "हें ओरिजिनल." अशा ओरिजिनलपासून चार हात लांब राहावं. एकतर तो खोटं बोलतोय, नाहीतर खरं बोलतोय आणि तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय.

तर फ्रीगंजात पोचलो, जेवलो, आणि पहिलं काम केलं ते तारवटी बाबांना फोन लावण्याचं.

या माणसाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. बावीस वर्षं बोटीवर होते, त्यातली बरीचशी प्रवासी जहाजाच्या बँडमध्ये बास वाजवण्यात गेली. वाजवणं लहानपणी चर्चच्या शाळेतल्या मेस्तकडून शिकले. जहाज मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावला गावच्या कुडात राहिले. धोबीतलाव म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारा: वर कूड, खाली वाद्यांची दुकानं. फुर्तादोंचं दुकान १८६५ पासूनचं. बिगारी असो वा बटलर, बोट लागेपर्यंत गोंयकार त्या काचेसमोर उभा राहून व्हायोलिन बघायचा. १९९१ च्या आधी परदेशी वाद्य देशात आणणं म्हणजे परवाने नि जकात यांची डोकेदुखी. त्यामुळे मुंबई-गोव्याच्या बँडांतली कितीतरी चांगली गिटार तारवट्याच्या सामानातून आली. बाकीच्यांनी कोलकात्याच्या गिव्हसनवर हात बसवले. नावातला 'व्ह' बघून हसू येतं खरं, पण कित्येकांची बोटं त्याच तारांवर सोलली.

तारवट्याकडून गिटार घेताना सर्टिफिकेट नव्हतं. तो कोणाचा, घर कुठे, पुढच्या फेस्ताला गावात येणार की नाही, एवढंच बघत. खोटं विकलं तर चर्चच्या पायरीवर गाठ होती. बाबांनी स्वतः अशा सातआठ गिटारी आणून विकल्या आहेत, आणि एकाही घेणाऱ्याला बघून त्यांना रस्ता बदलावा लागत नाही. हे ते अभिमानाने सांगतात.

फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शंभर नग, सदतिसावा, सर्टिफिकेट. मग म्हणाले, "मान सोडोवन फोटो धाड म्हण ताका. चार स्क्रू. धाडलो जाल्यार फुडें उलोवया."

मला कळेना. त्यांनी समजावलं ते असं. या प्रकारच्या गिटारीची मान धडाला चिकटवलेली नसते, स्क्रूने आवळलेली असते. १९५१ मध्ये लिओ फेंडरने पहिली बास बाजारात आणली ती याच रचनेची, म्हणजे मोडलं तर तेवढंच बदलता यावं. फार शहाणपणाची गोष्ट. पण जे सुटं होतं ते अदलाबदलही होतं. एकीची मान, दुसरीचं धड, तिसरीच्या खुंट्या असा संसार सहज उभा राहतो. नंबर असलेली पत्र्याची पट्टीसुद्धा कितीतरी गिटारींत स्क्रूनेच बसवलेली; ती उचलून दुसरीकडे लावायला दोन मिनिटं. म्हणून नंबर बघून भुलायचं नाही. मान सोडवली की तिच्या टाचेवर, धडाच्या खाचेत कारखान्यातला शिक्का किंवा पेन्सिलीची तारीख मिळण्याचा संभव असतो. मग आवाज कमीजास्त करायच्या बटणांखाली बघायचं. तिथल्या पोटेन्शियोमीटरवर बारीक आकडे असतात. अमेरिकन असेल तर पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे (१३७ म्हणजे सीटीएस), पुढचे वर्षाचे, शेवटचे दोन त्या वर्षातल्या आठवड्याचे. गिटार १९९६ ची आणि आतलं बटण २००४ चं निघालं, तर ते एकतर बदललेलं आहे नाहीतर गिटारच नंतरची आहे. आणि डागकामाकडे बघायचं. कारखान्यातला डाग एकदाच वितळलेला असतो, चकचकीत आणि गोल. दुसऱ्यांदा कुणी हात लावला की कळतं.

"आनी रुखाच्यो रेघो," बाबा म्हणाले. लाकडाच्या रेषा. पारदर्शक रंगाच्या गिटारीत त्या दिसतात, आणि दोन गिटारींच्या सारख्या नसतात. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखंच.

पोरग्याने व्यापाऱ्याला हे सगळं लिहून विचारलं. उत्तर दहा मिनिटांत आलं: "सर, लिमिटेड एडिशन है, खोलने से वैल्यू चली जाती है." हे वाक्य मला आवडलं, कारण त्यात पाव हिस्सा सत्य आहे. आतलं डागकाम उकरलं तर किंमत खरंच पडते. पण चार स्क्रू सैल करून मान बघितल्याने कुणाचं काही जात नाही. महाग जुनी गिटार विकणारे चांगले दुकानदार मागायच्या आत हे फोटो देतात. त्याला फार आग्रह केल्यावर नव्या फोटोंचा एक गठ्ठा आला. मान बंदच. पण धडाचे फोटो स्वच्छ होते. रात्री अकराला पोरगा जुने आणि नवे फोटो लॅपटॉपवर शेजारी लावून बसला, आणि थोड्या वेळाने त्याने आम्हाला हाक मारली. जुन्या फोटोत खालच्या शिंगाजवळ लाकडाच्या रेषा कमानीसारख्या वळल्या होत्या. नव्या फोटोत त्या सरळ होत्या. दोन वेगळ्या गिटारी. आकडा दोन्हींवर एकच, सदतीस.

विचारलं, तर म्हणाला, "लाइट का फर्क है."

उजेडाने लाकडाच्या रेषा सरळ होतात हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आतेभाऊ म्हणाला, १९३० ला फोन करू, सायबर तक्रार देऊ. पण टोकनच्या पावतीवर लिहिलं होतं, परत मिळणार नाही. आणि गिटार द्यायला तो नाही म्हणत नव्हताच, उलट घेऊन टाका म्हणून मागे लागला होता. दहा हजार गेले. त्या दोघींतली एक कदाचित खरीही असेल. आम्हाला ते कधीच कळलं नाही, आणि त्या पोराला नेमकं हेच सलतं. खोटी होती असं सिद्ध झालं असतं तर तो सुखाने झोपला असता.

दुसऱ्या दिवशी आतेभाऊ मला टॉवर चौकाच्या मागच्या एका बोळात घेऊन गेला. पेटी दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, एक लांबट खोली. भिंतीला ढोलक टांगलेले, कोपऱ्यात भाते फाटलेल्या पेट्यांची उतरंड, वर दोरीला चारपाच गिटारी. मालक सत्तरीचे, आत्याची पेटी हेच दुरुस्त करायचे. पोराला बघून म्हणाले, "आ भिया, पैसे डुबाके आया?" फ्रीगंजात बातमी चहाच्या आधी पोचते.

बास गिटारीविषयी आपल्याला काही कळत नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. (माझ्या आतेभावाने माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं.) पण पेटीविषयी ते तासभर बोलले, आणि ते सगळं गिटारीलाच लागू होतं. पूर्वी पेटीचे सूर, म्हणजे आतल्या पितळी रीड, जर्मनी-पॅरिसहून येत. पुढे गुजरातेत पालिताण्याला चांगल्या रीड बनू लागल्या. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात जर्मन हा शब्द बसला तो बसलाच. ते म्हणाले, "जर्मन रीड की जितनी पेटियाँ हिंदुस्तान में बिकी हैं, उतनी रीड तो जर्मनी ने बनाई भी नहीं होंगी." त्यांच्याकडे एक पेटी विकायला होती. तिच्या पट्टीवर खडूने लिहिलं होतं: तीन सूर बदललेले, भाता नवा. मी विचारलं, हे पुसलं तर हजार रुपये जास्त येतील की. ते म्हणाले, येतील, पण मग दर महिन्याला ही पेटी माझ्या दारात येईल आणि मी काय काय लपवलं ते मला लक्षात ठेवत बसावं लागेल. या वयात तेवढी स्मरणशक्ती उरलेली नाही.

त्यांच्या ओळखीचा इंदूरचा एक बासवाला बोटांच्या दुखण्याने वाजवणं सोडत होता. त्याची जपानी फेंडर जॅझ बास होती. फेंडरने १९८२ पासून जपानात गिटारी बनवायला सुरुवात केली. त्यातल्या पहिल्या काही वर्षांच्या गिटारींचं जाणकारांत चांगलं नाव आहे. ही त्यानंतरची, १९८० च्या दशकाच्या शेवटची. लिमिटेड वगैरे काही नाही. मालक म्हणाले, "अडसठ हजार माँगता है. मेरे तीन हजार उसमें हैं, पहले ही बोल देता हूँ."

हे तीन हजार त्यांनी सांगितले म्हणून आतेभाऊ थोडा नाराज झाला, कारण आता त्यावर घासाघीस कशी करायची? मला मात्र त्यात बरं वाटलं. दलाली घेणं पाप नाही. ती किमतीच्या कुठल्या खिशात लपली आहे हे शोधत बसावं लागतं, तो त्रास असतो.

रविवारी तो बासवाला गिटार घेऊन फ्रीगंजात आला. पोराने हात लावायच्या आधी त्याने स्वतःच स्क्रूड्रायव्हर काढला आणि मान सोडवली. मी ती व्हिडिओवर बाबांना दाखवली. टाचेवरचा शिक्का, खाच, आतल्या तारा. बाबा एकही शब्द न बोलता बघत होते, मध्येच "मातशें हेवटेन घुंवडाय" म्हणायचे. शेवटी त्यांनी दोन प्रश्न विचारले. मागचा पिकअप कधी बदलला? आणि मानेतली सळई किती फेरे उरलीय? (तारांच्या ताणाने मान वाकू नये म्हणून आत लोखंडी सळई असते. ती आवळत आवळत शेवटाला आली असेल तर त्या मानेचं आयुष्य संपत आलं.) तो माणूस हसला. म्हणाला, पिकअप २००८ मध्ये बदलला, जुना जळाला होता. सळईला एक फेरा आहे, जेमतेम. धडाला पुन्हा रंग मारलेला आहे. दुसरी खुंटी वेगळ्या कंपनीची आहे. वरचे पाच पडदे झिजलेत, दोन वर्षांत बदलावे लागतील.

बाबा फोनवरून म्हणाले, "साठ हजार. आनी हें सगळें बिलाचेर बरय म्हण."

बासष्टला तुटलं, आणि म्हाताऱ्या पेटीवाल्यांनी त्यांच्या लाल रेघांच्या बिलबुकात हिंदीत सगळं लिहिलं: पिकअप बदला हुआ, रंग दोबारा, एक खूँटी अलग, पाँच परदे घिसे, सळईची हकीकतही. खाली दोघांच्या सह्या. वाद्याच्या बिलावर वाद्याचे दोष लिहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले. एरवी त्या जागी आभार मानलेले असतात.

हे बिल जपून ठेव, असं मी पोराला सांगितलं ते उगाच नाही. जॅको पॅस्टोरियस हे नाव बासवाल्यांत आपल्याकडे भीमसेनजींचं घेतात तसं घेतात. त्याची १९६२ ची, बिनपडद्याची जॅझ बास एकदा त्याने स्वतःच फोडून तुकडे तुकडे केली होती. दोन कारागिरांनी ते तुकडे जोडले. १९८६ साली न्यू यॉर्कच्या एका बागेतून ती चोरीला गेली, आणि पुढच्या वर्षी जॅकोही गेला. वीसेक वर्षांनी ती त्याच शहरात एका वाद्यविक्रेत्याकडे निघाली. ओळख पटवायला उपयोगी काय पडलं? जोडकामाच्या खुणा. ज्या हातांनी सांधलं त्यांना आपला सांधा ओळखता आला. पुढे ती कुणाची यावर वाद झाला; मेटॅलिकाचा बासवाला रॉबर्ट त्रुहियो याने मध्ये पडून पैसे मोजले तेव्हा २०१० मध्ये ती मोकळी झाली. खरी गिटार, खरा नग, आणि तरीही विकत घ्यायला योग्य नाही, असंही असतं. कारण ती चोरीची. जो दुकानदार 'ही माझ्याकडे कुठून आली' याचं उत्तर देताना घुटमळतो, त्याच्याकडचं अस्सलही घेऊ नये.

आणि पॉल मॅकार्टनीची गोष्ट तर त्याच वर्षी फेब्रुवारीत सगळीकडे छापून आली होती. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला त्याने एक स्वस्तातली जर्मन हॉफनर बास घेतली, तीसेक पौंडांना. आकार व्हायोलिनसारखा, दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून डावखुऱ्याच्या हातात विचित्र दिसत नसे, हे ती घेण्याचं एक कारण. १९७२ मध्ये लंडनला गाडीतून चोरीला गेली. काही हौशी लोकांनी शोधमोहीम चालवली, आणि एक्कावन्न वर्षांनी कळलं की ती एका घराच्या माळ्यावर पडून होती. आज तिची किंमत काय होईल ते मी लिहीत नाही, वाचून चक्कर येते. पण घेताना ती लिमिटेड एडिशन नव्हती. तीस पौंडांची होती.

हे पोराला मी फार उत्साहाने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "बरोबर आहे काका. पण सदतीस नंबर भारी होता."

आत्याच्या दोन लाखांतले बासष्ट या बासला गेले, दहा गंगेला मिळाले (क्षिप्रेला म्हणू हवं तर), उरलेले बँकेत आहेत. भाद्रपदात महाकाळाची शेवटची सवारी निघाली त्या आठवड्यात पोराने नव्या बासवर पहिलं लग्न वाजवलं. त्याचं रेकॉर्डिंग मी बाबांना ऐकवलं. मोबाइलच्या त्या डबड्या स्पीकरमधून बास ऐकू यायची सोयच नाही, तरी ते कानाला लावून बसले आणि मग विचारलं, तारा कुठल्या लावल्यात. मी फ्रीगंजला फोन करून विचारलं. पोराने तारांचं नाव सांगितलं, आणि हळूच पुढे म्हणाला की जपानमधला एक विकणारा सापडलाय, त्याच्याकडे शंभरातली बावन्नावी आहे, आणि त्याने न मागता मान सोडवून फोटो पाठवलेत. बाबांना दाखवाल का?